वाढीव वय

ज्या दिवशी आमच्या ह्यांचं वय शहात्तर निघालं, त्या दिवशी मी पाव किलो पेढे आणले.

खरं वय तेव्हा सहासष्ट. खरं म्हणजे जन्मदाखल्यावरचं. पण जन्मदाखल्याला हल्ली कुणी विचारत नाही. आमच्या पेन्शन कंपनीचा एजंट घरी येतो, बोटातून दोन थेंब रक्त घेतो, डब्याएवढ्या यंत्रात घालतो, आणि त्याचा चहा पिऊन होईपर्यंत यंत्र सांगतं की तुमचं शरीर किती वर्षांचं झालंय. त्यावर पेन्शन ठरते. शरीर जितकं म्हातारं, तितकी पेन्शन जास्त. एजंटचं नाव शौर्य, पण आकडा वाचताना ह्यांच्याकडे बघायचं धाडस काही त्याला झालं नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, शहात्तर. अभिनंदन."

"दहा वर्षं बोनस," हे म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

नवरा दहा वर्षं आधीच म्हातारा झाला म्हणून पेढे वाटणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. आमच्या कराडात तेव्हा अशा पुष्कळ होत्या. खालच्या मजल्यावरच्या घाटगे वहिनींनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "नशीबवान आहात हो. माझं मेलं त्रेसष्टच निघतं. पेन्शन दूधवाल्यालासुद्धा पुरत नाही."

हे सगळं कसं चालतं ते सांगते. मलाही शौर्यनं दोन-तीनदा सांगितलं तेव्हा कळलं. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा एक लांब धागा असतो. त्या धाग्यावर जागोजागी रसायनाचे बारीक ठिपके बसतात, मिथाइल म्हणतात त्यांना. कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद, हे बरंचसं त्या ठिपक्यांवर ठरतं. वय वाढतं तसे काही ठिकाणचे ठिपके पुसले जातात आणि नको तिथे नवे बसतात. शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं, ठिपके वाचून ते वयाचा अंदाज सांगायचे. मग कुणीतरी ठिपक्यांच्या जोडीला रक्तातली प्रथिनं वाचायची युक्ती काढली आणि अंदाजाचं माप झालं. माणूस किती जगलाय यापेक्षा किती शिल्लक आहे ते कळायला लागलं. एकट्यादुकट्याच्या बाबतीत यंत्र चुकतं. हजारांच्या बाबतीत चुकत नाही, आणि कंपनीला मतलब हजारांशीच असतो.

पूर्वी एकरकमी पैसे भरले की एका वयाच्या सगळ्यांना सारखीच पेन्शन मिळायची. दम्याचा माणूस चार वर्षांत जायचा आणि त्याच्या पैशांवर योगासनं करणारा नव्वदी गाठायचा. आता ज्याचे पैसे त्याच्याच आयुष्यावर वाटून देतात. लवकर जाणाऱ्याला दरमहा जास्त, रेंगाळणाऱ्याला कमी. दरवर्षी मोजणी, दरवर्षी नवी रक्कम. ऐकायला न्याय वाटतो, आणि न्यायच आहे तो. मी त्यावर कधी भांडले नाही.

आमचं सगळं त्याच कंपनीत होतं. हे पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर, मी जन्मभर बालवाडी चालवली. सरकारी पेन्शन दोघांनाही नाही. ह्यांचा फंड आणि माझी पुंजी, दोन्ही भरून टाकलं. माझं शरीर एकसष्टचं निघालं, त्यामुळे माझी पेन्शन गॅस आणि भाजीपुरती. घर चालायचं ते ह्यांच्या म्हातारपणावर.

आणि घर चालायला हवं होतं, कारण न चाललं तर काय होतं ते मी बघून आले होते. रिटायर झाल्यावर सहा महिने आम्ही पुण्याला प्रतीककडे, म्हणजे मुलाकडे राहिलो. सून वाईट नाही. कधी वर तोंड करून बोलली नाही. पण मी फोडणी दिली की ती आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची, आणि डब्यांवरची झाकणं मी कशी लावते ते माझ्या मागून नीट करायची. मी माझ्या लेकाच्या घरात पाय न वाजवता चालायला शिकले. परत आल्यावर आमच्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर भांडी धडाधड आपटून घासली. तेव्हाच ठरवलं, मरेपर्यंत इथून हलायचं नाही. पेन्शन घसरली तर हे घर भाड्यानं देऊन पुण्याला जावं लागणार होतं. मला त्याची भीती वाटायची, मरणापेक्षा जास्त.

ह्यांना कसलीच भीती नव्हती, कारण ह्यांना कशाचंच काही नव्हतं. कारखाना सुटल्यापासून सोफ्यावर बसायचे. सकाळी बातम्या, दुपारी जुने क्रिकेट सामने, ज्यांचा निकाल पाठ. साखर वाढलेली, पाय सुजलेले. मी म्हणायची, अहो, देवळापर्यंत तरी जाऊन या. ते म्हणायचे, "कशाला? पेन्शन कमी करायला?" आणि मी चहा टाकायला उठायची.

मग तिसऱ्या मजल्यावरचे नलवडे मास्तर गेले.

सकाळची वेळ. मास्तरांची मुलगी एकटीच घरात, भाऊ कॅनडात, भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होता. बिल्डिंगमधले आम्ही सगळे दारात गोळा झालो आणि एकमेकांची तोंडं बघत बसलो. पूर्वी अशा वेळी गल्लीतला एखादा माणूस आपोआप पुढे व्हायचा. कळक आणा, सुंभ आणा, मडकं आणा, पाणी तापवा, कुणाला कळवलं, कुणाला नाही, सगळं त्याच्या डोक्यात. तशी माणसं आता राहिली नाहीत. आता सगळे अंत्यसेवेच्या गाडीला फोन करतात. ती गाडी येते, दोन गणवेशातले लोक स्ट्रेचर घेऊन वर चढतात, आणि चहा उकळेपर्यंत सगळं आटोपतं. त्या दिवशी गाडी संध्याकाळशिवाय मोकळी नव्हती. मुलगी रडत म्हणाली, "तोपर्यंत बाबांना असंच ठेवायचं?"

आमचे हे सोफ्यावरून उठून आले होते, बनियनवर. म्हणाले, "बुरूड आळीत कुणाला तरी पाठवा. दोन लांब कळक आणि आडव्या घालायला बांबूच्या कामट्या. ओले नकोत."

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. ह्यांचे वडील गावाला, तांबव्याला, हे काम करायचे हे मला माहीत होतं. पण ह्यांनी ते कधी शिकून घेतलं, लग्नाला इतकी वर्षं होऊन मला पत्ता नव्हता. बिल्डिंगच्या आवारात उकिडवे बसले आणि तिरडी बांधायला घेतली. त्यांच्या बाबांची पद्धत अशी की सुंभाला गाठ मारायची नाही. घट्ट पीळ द्यायचा आणि टोक पिळातच खोवायचं. जाणाऱ्या माणसाला गाठीत अडकवू नये म्हणे. पीळ असा बसायचा की आठ माणसांनी हलवलं तरी सुटणार नाही, आणि घाटावर एका झटक्यात मोकळा. मास्तरांच्या मुलीला त्यांनी मडकं कसं धरायचं ते दाखवलं, आणि पडद्यावरच्या भावाला सांगितलं, "तू रड बाबा, इथलं आम्ही बघतो."

दुपारी परत आले. मी दारात बादलीभर पाणी ठेवलं होतं. आंघोळ करून पोटभर जेवले आणि टीव्ही न लावता झोपले.

त्यानंतर फोन यायला लागले. शनिवार पेठेतून, मलकापुरातून, विद्यानगरच्या बंगल्यांतून. गाडी मिळत नाही म्हणून यायचे तसे गाडी नको म्हणूनही यायचे. घरात म्हातारं माणूस गेलंय, पोरं लांब आहेत, काय करायचं कुणाला कळत नाही, डुबल काका येतील का? हे जायचे. कधी सायकल, कधी चालत. लोकांना मरायला काळवेळ नसते, त्यामुळे माझी बादली आणि कडुलिंबाचा डहाळा कायम तयार. हे कपडे स्वतः धुवायला लागले. पायांची सूज उतरली. साखर उतरली. एकदा तर घाटावरून येताना गुणगुणत आले आणि मला बघून गप्प झाले.

"लोकांची मयतं आणि तुम्ही गाणी म्हणताय," मी म्हटलं.

"आज पोरानं बापाचे पाय धरून माफी मागितली," ते म्हणाले. "मी दोन मिनिटं थांबवलं सगळ्यांना. गाडीवाल्यांनी थांबवलं नसतं." आणि आंघोळीला गेले.

वर्षानं मोजणी झाली. शौर्यनं यंत्र दोनदा लावलं. एकोणसत्तर. अंगावरची सात वर्षं कमी झाली होती. त्यानं समजावून सांगितलं की असं होतं. ठिपके काही दगडावरच्या रेघा नाहीत, थोडेफार मागे जातात. चालणं, झोप, खाणं याचा परिणाम होतोच, पण सकाळी उठायला काही कारण असलं की तो फार होतो. शास्त्रज्ञांनी त्याला लांबलचक नाव दिलंय. माझी सासू त्याला "हाताला चाळा" म्हणायची.

पेन्शन एक तृतीयांशानं खाली आली.

त्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. म्हणजे मी भांडले. म्हटलं, "या लष्कराच्या भाकऱ्या भाजून तुम्ही तरणे होताय आणि मी चालले पुण्याला. एवढं जाताय तर पैसे घ्या ना लोकांकडून. गाडीवाले घेतात की मोजून."

"तिरडीचे पैसे घेत नाहीत."

"का? बुरूड घेतो कळकाचे."

"तो कळक विकतो." मग म्हणाले, "बाबा सांगायचे, याचे पैसे घेतले की माणूस दुसऱ्याच्या मरणाची वाट बघायला लागतो."

मी आणखी चिडले. बोलायचं ते सगळं बोलले. झाकणांचं, फोडणीचं, पाय न वाजवता चालण्याचं. ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. ते ऐकत राहिले.

तोडगा घाटगे वहिनींनी काढला. कंपनीच्या नियमात एक कलम आहे. अडुसष्टावं वर्ष पुरं झालं की शेवटची मोजणी. त्यात जे वय निघेल त्यावर पेन्शन कायमची ठरते, मग तुम्ही शंभर जगा नाहीतर महिनाभर. लोक या मोजणीचा अभ्यास करायचे, उलटा. एक रात्र जागून किंवा आदल्या दिवशी लोणचं चापून काही होत नाही, ठिपके इतके भोळे नाहीत. चार-सहा महिने लागतात. चालणं बंद, गोड सुरू, गाठीभेटी बंद. वहिनींनी गणपतीपासूनच सुरुवात केली होती. त्या भजनी मंडळात पेटी वाजवायच्या, ती माळ्यावर टाकून दिली. "सहा महिने कळ काढायची, वहिनी," मला म्हणाल्या. "एकदा रक्कम कायम झाली की पेटी खाली. मग शंभरी गाठते बघा, कंपनीच्या नाकावर टिच्चून."

मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. होळीच्या सुमाराला ह्यांना अडुसष्ट वर्षं पुरी होणार होती. दिवाळीच्या फराळावर मी विषय काढला. वाटलं होतं वाद घालतील. त्यांनी चकली संपवली आणि विचारलं, "तुला पुण्याला जायचं नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"बरं," म्हणाले, आणि जाऊन सोफ्यावर बसले.

फोन मी घ्यायची. काकांची तब्येत बरी नाही, गाडी बोलवा. पहिल्या महिन्यात लोक हळहळायचे, काही जण बघायलाही आले. मग फोन कमी झाले, मग येईनासे झाले. मी रोज शिरा करायची. हे मुकाट्यानं खायचे. मी त्यांना आजारी पाडत होते असं मला त्यावेळी वाटलं नाही. वाटायचं, आपण यंत्राला फसवतोय. संक्रांतीला मी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला तर तो हातातून घरंगळला. मी हसले, ते पण हसले. त्याच सुमाराला घाटगे वहिनींची शेवटची मोजणी झाली. पंचाहत्तर. जिना चढताना दोनदा थांबून त्या मला सांगायला आल्या आणि दम लागल्यामुळे त्यांना बोलताच येईना. मी पाणी दिलं. दोघींनी मिळून केवढा आनंद केला.

होळीनंतर शौर्य आला. चहा ठेवला. यंत्रानं अठ्ठ्याहत्तर दाखवलं.

पूर्वीच्या शहात्तरपेक्षाही वर. पेन्शन कायम झाली, दोन वर्षांपूर्वीच्या पेढ्यांच्या वेळेपेक्षा जास्त. आता पुणं नाही, भाडेकरू नाही, कुणाची झाकणं नाहीत. मी देवाला दिवा लावला आणि हात जोडताना मला खरंच रडू आलं, सुटल्यासारखं वाटून.

शौर्य यंत्र पिशवीत भरत होता. मी सहज विचारलं, "का रे, आता हे उठले, हिंडायला लागले आणि नव्वदी गाठली, तर तुझ्या कंपनीचं दिवाळं निघेल ना?"

तो म्हणाला, "नाही काकू. त्याचा हिशोब धरलेला असतो."

"कसला हिशोब?"

त्यानं चेन लावली, उघडली, परत लावली. "शेवटच्या मोजणीनंतर परत उठणारे फार थोडे असतात," तो म्हणाला. "लोकांना वाटतं आपण म्हातारं असल्याचं सोंग केलं. पण यंत्राला सोंग दिसतच नाही, काकू. शरीर खरंच तेवढं झाल्याशिवाय आकडा येत नाही. कंपनीचं त्यात काही जात नाही." मग त्यानं चपला घातल्या आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून मी ह्यांच्या मागे लागले. चला, देवळापर्यंत. चला, निदान जिन्यापर्यंत. शिरा बंद, नाचणी सुरू. ते म्हणायचे, उद्या. रागानं नाही, अगदी गोड आवाजात. मी चिडले तरी काही नाही, गोंजारलं तरी काही नाही. एकदा फोन आला, मलकापुरातून, जुनी ओळख. मी धावत नेऊन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी बोलवा. गाडी चांगली असते." आणि मला म्हणाले, "जरा पंखा वाढव."

मला पैसे मिळाले होते आणि माणूस समोर बसल्या जागी संपत होता. ते मला रोज दिसत होतं आणि मी रोज नाचणी ढवळत होते.

वैशाखात, भर उन्हाच्या दिवसांत, घाटगे वहिनी गेल्या. सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली, दार उघडेना. किल्ली माझ्याकडे असायची. मीच आत गेले. पलंगावर होत्या, चेहरा शांत. माळ्यावरची पेटी खाली काढलेली होती, पुसून स्टुलावर ठेवलेली. कायमच्या पेन्शनचे त्यांना चार हप्ते मिळाले.

मुलगी मृणाल मेलबर्नला. पडद्यावर आली, हमसून हमसून रडली. गाडीला फोन केला. उन्हाळ्यात म्हातारी माणसं फार जातात, गाडी रात्रीशिवाय नाही. शेजारी पुन्हा दारात गोळा झाले आणि पुन्हा एकमेकांची तोंडं बघायला लागले. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी वर गेले. हे सोफ्यावर.

"घाटगे वहिनी गेल्या," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. "चांगली बाई होती," म्हणाले.

"चला ना खाली."

"गाडी बोलवा."

मी भांडले नाही. तेवढा जोर नव्हता माझ्यात. एकटीच खाली आले, बुरूड आळीत माणूस पाठवला, कळक आले, सुंभ आला, आणि आवारात पदर खोचून बसले. कुणीतरी मागून म्हणालं, बाईमाणसानं बांधावी का? मी म्हटलं, "तुम्हाला येते का? मग गप्प उभे राहा." ह्यांना तिरडी बांधताना मी एकदाच खिडकीतून पाहिलं होतं. दोन कळक लांबीला ठेवले, कामट्या आडव्या घातल्या आणि सुंभ गुंडाळायला लागले. पीळ बसेना. एक बाजू घट्ट केली की दुसरी सैल. शेवटी कंटाळून मी गाठ मारली. दुसरी मारली. माझी मैत्रीण वर पलंगावर होती, आणि मी तिला सुंभाच्या गाठींत बांधणार होते. मला स्वतःची लाज वाटली, पण हात थांबवले नाहीत.

"ती गाठ सोड."

मान वर केली. हे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते, कठडा धरून. बनियनवरच. एवढे दोन जिने उतरून त्यांचा श्वास फुलला होता, कपाळावर घाम. खिडकीतून बघत असावेत.

"सोड म्हटलं ना. अशी नाही बांधत."

मी गाठ सोडली. ते हळूहळू आले, मला त्यांना धरून खाली बसवावं लागलं. त्यांनी सुंभ हातात घेतला, कळकाखालून काढला, कामटीवरून आणला आणि पीळ द्यायला लागले. बोटं थरथरत होती. पीळ अर्धा बसायचा आणि सुटायचा. त्यांनी परत घेतला. परत सुटला. आजूबाजूचे लोक उगाच इकडेतिकडे बघायला लागले. तिसऱ्यांदा सुटल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडे बघत बसले. जे हात दिवाळीपर्यंत आठ माणसांच्या खांद्यांना टिकेल असा पीळ देत होते, ते मी शिऱ्यात घालवले होते. यंत्रानं अठ्ठ्याहत्तर सांगितलं तेव्हा ते या हातांबद्दल सांगत होतं. मी त्यावर देवापुढे दिवा लावला.

मी सुंभ त्यांच्या मांडीवरून उचलला.

"सांगा," म्हटलं. "कुठून घेऊ?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बोटानं दाखवलं. "खालून. तुझ्याकडे ओढ. आता उजवीकडे पीळ. आणखी दे."

"तुटेल."

"नाही तुटत. आणखी."

तळहात सोलवटून निघाले. त्यांचा थरथरता हात त्यांनी माझ्या हातावर ठेवला, जोर लावायला नाही, दिशा दाखवायला. पीळ बसला. टोक खोवलं. त्यांनी दोन बोटांनी ओढून बघितलं आणि मान हलवली. मग पुढची कामटी. मी रडत होते. लोकांना वाटलं वहिनींसाठी. निम्मं होतं त्यांच्यासाठी.

शेवटची कामटी झाल्यावर त्यांनी मृणालला फोनच्या पडद्यावर समोर घ्यायला सांगितलं, मडकं कोण धरणार ते विचारलं, आणि तिला म्हणाले, "तू रड बाळा, इथलं आम्ही बघतो." हे म्हणताना त्यांचा आवाज मोठा होता. कित्येक महिन्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता.

ते घाटापर्यंत जाऊ शकले नाहीत. मी गेले. परत आले तर दारात बादली भरून ठेवलेली. अर्धं पाणी जिन्यात सांडलं होतं.

आंघोळ करून मी त्यांच्याजवळ येऊन बसले. टीव्ही बंद होता. माझे तळहात उलटे करून त्यांनी बघितले, खोबरेल आणायला लावलं आणि ते लावता लावता म्हणाले, "तू ओला कळक घेतलास. वजनाला जड असतो आणि वाळला की पीळ सैल पडतो. उद्या बुरूड आळीत चल, निवडायला शिकवतो."

"पण तुम्ही किती…" मी म्हटलं, आणि पुढे विचारलं नाही. किती दिवस शिल्लक आहेत ते शौर्यनंही कधी सांगितलं नव्हतं.

"सकाळी जाऊ. उन्हाच्या आत."

"रिक्षा करू मग. पैसे आहेत आपल्याकडे आता."

"चालत जाऊ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. जिन्यात त्यांनी माझा खांदा धरला. कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी बसलो, मग पुढे औषधांच्या दुकानाच्या पायरीवर बसलो, मग गणपतीच्या देवळाच्या कट्ट्यावर. रिकाम्या रिक्षा शेजारून जात होत्या. एकीलाही मी हात केला नाही.